पहिली परात

नागपूरच्या इंदोऱ्यात बायजाबाईंचं घर कुणाला विचारावं लागत नसे. दुपार कलली की कणीक आपटल्याचा दणका ज्या गल्लीतून येई त्या गल्लीत शिरायचं, एवढंच. सैल, ओली कणीक दोन्ही हातांनी उचलायची, परातीत दाणकन आपटायची, पुन्हा उचलायची, पुन्हा आपटायची. ताणली तरी तुटणार नाही अशी होईपर्यंत हात थांबवायचा नाही. मग तिचा गोळा हातावर घ्यायचा, कोपरापर्यंत ओघळू द्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलत पंचाएवढा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर अलगद पसरायचा. नागपूरची लंबी रोटी ती हीच. खाणाऱ्याला ती तोंडात विरघळल्यासारखी लागते, त्यामुळे करणारीच्या खांद्यांचं काय होतं याचा तो कधी विचार करत नाही.

बायजाबाई ठेंगण्या, रुंद हाडाच्या, कपाळावर हिरवं गोंदण असलेल्या. तोंड एकदा सुटलं की समोरच्याची धडगत नाही, आणि पाचव्या मिनिटाला त्याच माणसाला बसवून चहा पाजणार. नवरा, रुपराव, गेला तेव्हा धाकटी शोभा नुकती पाऊल टाकायला लागली होती आणि थोरला गोविंदा शाळेत होता. तेव्हापासून घर त्या माठावर चाललं. छप्पन साली बौद्ध धम्माच्या दीक्षेला गेल्या तेव्हा शोभा पोटात होती. विधवेने शुभकार्यात मागे बसायचं हे त्यांच्या वस्तीने जुन्या देवांबरोबरच घराबाहेर काढलं होतं. "मी मांगं काहून बसू वं? रोटी का मांगं बसून होते?" असं बायजाबाई विचारत, आणि कुणाच्याही लग्नात चुलीसमोरची जागा त्यांचीच असे.

घरात एक रीत होती, बायजाबाईंच्या सासूपासून चालत आलेली. दिवसाची पहिली परात घरच्या मोठ्या बाईनं आपटायची. पुढच्या पराती कुणीही कराव्यात, पण पहिली तिची. ज्या दिवशी ती पहिली परात सुनेपुढे सरकवेल त्या दिवसापासून घर सुनेचं. कुलपं-किल्ल्या त्या घरात फारशा नव्हत्याच, त्यामुळे मालकी काय ती परातीतच होती.

गोविंदाची बायको सुभद्रा या घरात आली ती काटोलकडच्या खेड्यातून, भाकरीची सवय घेऊन. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिने नवा माठ चुलीवर पालथा घातला आणि खाली भडका करून दिला. माठ फाटकन तडकला, खापऱ्या उडाल्या. आता आपली वरात माहेरी निघणार असं समजून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. बायजाबाई आल्या, खापऱ्यांकडे पाहिलं, मग तिचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"तुया हात तं नाही भाजला? मंग रडून काहून राहिली? माठाले पयले मंद आच दाखवा लागते वं. त्याले जरा गरम होऊ द्या, मंग किती बी जाळ घाला, तो काही म्हणत नाही."

सुभद्राला सासू त्या दिवशी आवडली. सासूला 'आत्याबाई' म्हणायची तिकडची रीतच, पण त्या दिवसापासून ती ते मनापासून म्हणू लागली. हे सांगून ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात सुभद्रा वाईट दिसते, आणि ती वाईट नव्हती.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात सुरुवात झाली. एका दुपारी पहिली परात अर्धी आपटून झाली असताना बायजाबाईंचा हात थांबला. त्यांनी छातीच्या मधोमध मूठ दाबली, डावा हात मांडीवर टाकला आणि भिंतीला टेकल्या. "घास अडकल्यावानी होऊन राहिलं," एवढंच म्हणाल्या. सुभद्रा पाणी घेऊन धावली, पाठ चोळली. थोड्या वेळाने बायजाबाई उठल्या. अर्धी परात सुभद्राने पुरी केली होती. दुसरी परात त्यांनी ओढून घेतली आणि पहिल्यासारखीच दणादण आपटली, तिसरीही आपटली, दिवेलागणीपर्यंत रोट्या केल्या आणि वर शेजारच्या यमुताईशी पाण्यावरून भांडूनही आल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. पहिल्या परातीला मूठ छातीवर, आणि दुसऱ्या परातीपासून बाई ठणठणीत.

सुभद्रा पहिले काही दिवस घाबरली. मग तिला सवय झाली, आणि सवय झाली की माणूस विचार करायला लागतं. दुखणं रोज पहिल्या परातीलाच कसं येतं? तिसऱ्या परातीला काहून येत नाही? बाजारातही तसंच. घरून निघालं की पीठगिरणीपाशी आत्याबाई ओट्यावर बसणार, "थांब वं जरा" म्हणणार, आणि तिथून उठल्या की आख्खा बाजार पालथा घालून, भरलेली थैली घेऊन परत येणार. येताना बसणं नाही, काही नाही. म्हणजे जाताना थैली धरायची सुभद्राने, आणि हिंडायचं यांनी. पहिल्या परातीची मेहनत सुभद्राची, आणि मालकी मात्र यांचीच. पूर्ण परात सरकवली असती तर गोष्ट वेगळी होती, पण सासूने अर्धीच सरकवली होती.

यमुताईने त्यात तेल ओतलं. "मायी बी छाती दुखे नं गेल्या साली. दिवसभर दुखे. खरं दुखणं असन तं ते असं टायमावर येते का?"

आता सांगा, यात चूक काय होती? ज्याला आजवर काही दुखलं आहे असा कुणीही माणूस हेच म्हणेल. मोडलेलं हाड काम केल्यानं बरं होत नाही, सुजलेला गुडघा चालून चालून हलका होत नाही. काम वाढवल्यावर दुखणं पळून जातं हे ऐकल्यावर मनात पहिला शब्द जो येतो तोच सुभद्राच्या मनात आला.

गोविंदा खापरखेड्याच्या वीजघरात कामाला होता आणि तिथल्या वसाहतीतच राही, सुट्टीला घरी येई. आईला तो एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंत बायजाबाई चालत गेल्या, कारण रिक्षा केली असती तर त्यांचा जन्मभराचा बाणा मोडला असता. फाटकाशी छातीत आलं. तिथल्या कट्ट्यावर बसल्या, बरं वाटलं, मग आत गेल्या. तिथे त्यांना दोन पायऱ्यांच्या लाकडी घडवंचीवर चढउतार करायला लावली आणि कार्डिओग्राम काढला. बायजाबाई पायऱ्या अशा चढल्या-उतरल्या की लावणारा माणूसच म्हणाला, बास झालं बाई. कागदावर काही दिसलं नाही. वायू असेल, ओवा खात जा, असं सांगून त्यांना घरी पाठवलं.

त्या दिवसापासून सुभद्राच्या मनाचं दार बंद झालं. "दुखणं का सरकारी नोकर आहे?" ती गोविंदाला म्हणाली, आणि मुद्दाम इतक्या जोरात म्हणाली की बाहेरच्या ओट्यावर ऐकू जावं. "टायमावर येते, टायमावर जाते! नाटक आहे सारं." गोविंदाने "गप वं" म्हटलं, पण आईच्या बाजूने तो काही बोलला नाही. ओट्यावर बायजाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ज्या बाईनं आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं तिनं ते ऐकून घेतलं, याचा अर्थ सुभद्राला तेव्हा कळला नाही.

पुढच्या थंडीत शोभाचं जमलं. मुलगा खापा गावचा, मास्तर, घरचे लोक साधे. लग्न सव्वा वर्षाने करायचं ठरलं, कारण मुलाच्या नोकरीचं पक्कं व्हायचं होतं. पाहुणे गेले आणि बायजाबाईंनी जाहीर करून टाकलं, "माया पोरीच्या लग्नातली रोटी माया हातची राहीन. साऱ्या नागपुराच्या पोरींच्या लग्नात रोट्या केल्या म्या. पयली परात बी मीच आपटीन, आरंभापासून शेवटापर्यंत."

"मंग आजपासूनच आपटा नं," सुभद्रा म्हणाली. तिने परात सासूपुढे ठेवली आणि हाताची घडी घालून समोर उभी राहिली.

बायजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि सुरुवात केली. थोड्या वेळाने त्यांचा हात क्षणभर अडखळला, तो रोज अडखळे तिथेच. पण या वेळी त्या थांबल्या नाहीत. सून बघत होती, म्हणून थांबल्या नाहीत. कणीक उचलली, आपटली. पुन्हा उचलली. सुभद्रा आधी हातांकडे बघत होती, मग तिने चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. थंडीचे दिवस, चूल अजून पेटलेली नाही, आणि गोंदणावरून घामाची धार नाकावर उतरत होती. ओठ आवळलेले. तोंडातून हूं नाही की चूं नाही. असलं नाटक जगात कुणाला करता येत नाही, आणि येत असतं तर ते माणसाने गप्प राहून केलं नसतं.

कणीक हातातून निसटली आणि परातीबाहेर, मातीत पडली. बायजाबाईंच्या हातून कणीक पडलेली त्या घरानं कधी पाहिली नव्हती. सुभद्राने त्यांना पडण्याआधी धरलं, मांडीवर घेतलं, आणि "आत्याबाई, आत्याबाई" एवढंच म्हणत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांना जरा श्वास मोकळा आला.

"आता तं खरं वाटलं का वं तुले?" त्यांनी विचारलं.

सुभद्राला रडू फुटलं. ती रडली ती भीतीने नाही, लाजेने रडली.

नागपुरातच सदर भागात सिंधूताई म्हणून एक डॉक्टरीणबाई होत्या, हृदयाच्या. त्यांचा दवाखाना माडीवर होता. सुभद्रा सासूला रिक्षाने घेऊन गेली, पण जिना काही रिक्षा चढत नाही. अर्ध्या जिन्यात बायजाबाई कठड्याला धरून थांबल्या आणि मूठ छातीवर गेली. वरून डॉक्टरीणबाई स्वतः खाली उतरल्या, तिथेच पायरीवर बसवून त्यांच्या जिभेखाली एक गोळी ठेवली आणि मनगट धरून बसल्या. थोड्याच वेळात कळ विरघळली. "खालून हाक मारायची, मी खाली येते," त्या रागावून म्हणाल्या, आणि मग वर नेऊन, निजवून, पुन्हा पुन्हा तपासून त्यांनी सुभद्राला समोर बसवलं.

"घरी यांच्याजवळ कोण असतं?"

"मीच."

"मग तुम्ही सांगा. दुखतं केव्हा? नीट आठवून."

सुभद्राला आठवायची गरज नव्हती. सारं तोंडपाठ होतं. वर्षभर तिने ते जमवलं होतं, सासूला खोटं पाडायला. पहिल्या परातीला दुखते, दुसरीला नाही. गिरणीपाशी दुखते, बाजारातून येताना नाही. मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी दुखलं, आत पायऱ्या चढताना नाही. थंडीत जास्त. घाईत जास्त. जेवून लगेच उठलं की जास्त. बसलं की थांबते, आणि एकदा बसून उठलं की तेच काम केलं तरी येत नाही. दुपारभर झोपून पुन्हा कामाला लागल्या की मात्र नव्याने येते. ती सांगत गेली आणि डॉक्टरीणबाई पुढे झुकून ऐकत गेल्या.

"हे इतकं स्पष्ट आधी कुणाला सांगितलं होतं का?"

"साऱ्या वस्तीले सांगितलं," सुभद्रा मान खाली घालून म्हणाली. "ह्या नाटक करतात, म्हणून सांगितलं."

डॉक्टरीणबाई खुर्ची तिच्याजवळ ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "या आजारात हे असंच होतं कितीतरी जणांना. हृदयाला रक्त नेणारी नळी आतून अरुंद झाली आहे. बसून असलं तर तेवढं रक्त पुरतं. एकदम जोराचं काम पडलं की पुरत नाही आणि दुखतं. पण थांबून, दम घेऊन तेच काम पुन्हा केलं की हृदय ते सोसतं. पहिल्या खेपेनं ते जणू तयार होतं. नेमकं कसं, ते आम्हा डॉक्टरांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. तासा-दोन तासांनी ती तयारी उतरते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून दुखतं. त्या दवाखान्यात कागदावर काही दिसलं नाही, कारण ह्या तिथल्या फाटकापाशीच एकदा दुखून, बसून आत गेल्या होत्या."

ज्या गोष्टीवरून सुभद्राने सासूला खोटं ठरवलं होतं तीच गोष्ट आजाराची खूण निघाली. घरी येताना रिक्षात तिने सासूचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

आणि मग सुभद्राने दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी, आणि ती सगळी मायेनं केली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, जपायला सांगितलं होतं, आणि त्याच दमात रोज हळूहळू चालायलाही सांगितलं होतं. सुभद्राने जपायचं ऐकलं. चालायचं तिच्या कानाबाहेर राहिलं. हृदयाचा आजार म्हणजे बाज, हे वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. तिने सासूला बाजेवर बसवलं आणि उठू दिलं नाही. पाण्याचा गडू हातात, जेवणाचं ताट हातात. बाजार बंद, यमुताईशी भांडण बंद. सगळ्या पराती सुभद्रा आपटू लागली, पहिलीसुद्धा. कुणी ती पुढे सरकवली नव्हती, तिने काळजीपोटी उचलून घेतली होती. यमुताई आता म्हणे, सून असावी तं अशी.

बायजाबाई बाजेवरून परातीकडे बघत बसत. सुरुवातीला सूचना करत, "अजून ढिली आहे वं", "जरा पाणी लाव". मग तेही थांबलं. त्यांचे दंड सुटले, आवाज बसला. उन्हाळा गेला, पाऊस गेला, आणि एके दिवशी मोरीपर्यंत जाऊन येतानाच त्यांची मूठ छातीवर गेली. शोभाच्या लग्नातल्या रोट्यांचं नाव त्यांनी काढणंच सोडलं होतं, आणि सुभद्राच्या जिवाला त्यातच घोर लागला. रागावणारी सासू परवडली असती.

पुन्हा सदर. या वेळी खालून हाक मारली. डॉक्टरीणबाई खाली आल्या, पायरीवरच तपासलं, घरी काय चालतं ते सगळं विचारलं, आणि सुभद्रावर अशा काही भडकल्या की खालच्या कापडवाल्याचं गिऱ्हाईक वळून बघू लागलं.

"मी चालायला सांगितलं होतं ना? आधी तुम्ही यांना आजारी मानायला तयार नव्हता, आता धडधाकट अवयवसुद्धा वापरू देत नाही! बसवून ठेवल्यानं आहे तेवढीही ताकद जाते. रोज चाललं, रोज थोडं काम केलं, तर काही महिन्यांत हातपाय थोड्या रक्तात जास्त काम करायला शिकतात. मग त्याच कामाला हृदयाला कमी धडधडावं लागतं. नळी अरुंद ती अरुंदच राहते, पण दुखण्याची वेळ पुढे जाते. आणि सोडलं की हे सगळं पुन्हा जातं, हे असं. जोरात सुरुवात करायची नाही मात्र. आधी हळू, मग थांबा, मग पुढे."

बायजाबाई पायरीवर कान देऊन ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "माठावानी."

"काय?"

"माठाले बी पयले मंद आच दाखवा लागते नं बाई. एकदम जाळ केला का तडकते. हिनं तडकवला आहे एक." त्यांनी सुनेकडे बोट केलं. कितीतरी महिन्यांनी त्या कुणाची तरी तक्रार करत होत्या. सुभद्राला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. "तसंच," म्हणाल्या. "अगदी तसंच समजा."

दुसऱ्या सकाळपासून सासू-सून चालायला निघू लागल्या. पण इंदोऱ्यात बायामाणसं अशी काही कारण नसताना चालत नसत. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "कुठं चालल्या वं दोघी, हवा खायले? मोठ्या साहेबिणी झाल्या का?" बायजाबाईंचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा सुभद्राने युक्ती काढली. घरातून निघताना त्या एक रिकामी थैली घेत आणि तीच रिकामी थैली घेऊन परत येत. लोकांना वाटे बाजारात चालल्या. नंतर नंतर लोकांना कळलंही, पण थैलीची सवय होऊन बसली होती.

आधी गिरणीपर्यंत. तिथे ओट्यावर बसायचं, बरं वाटेपर्यंत, आणि मग आणखी थोडं पुढे. गिरणीवाला आधी खूण करून विचारी, आजी दुखलं का, आणि त्या होकाराची मान हलवत. पुढे असं झालं की गिरणीपाशी दुखणं यायचं ते पुढच्या चढावर येऊ लागलं. मग एक दिवस बोलता बोलता दोघी गिरणी ओलांडून गेल्या आणि ओट्यावर बसायचं राहिलंच. चढ लागल्यावर सुभद्राच्या ते लक्षात आलं. ती गपकन तिथेच थांबली. "काय झालं वं? तुले दुखून राहिलं का?" बायजाबाईंनी विचारलं.

परातही तशीच परत आली. आधी मूठभर कणीक, ताटलीत, पोरींच्या खेळासारखी. ती हळू आपटायची, थांबायचं. मग अर्धी परात. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे जिभेखालची गोळी जवळ असे, थंडी असली तर आधीच घेत. दुखणं पुरतं गेलं असं कुणी म्हणू नये, गेलं नव्हतं. कडाक्याच्या सकाळी, घाईत, रागाच्या भरात ते हजर होई. पण आता त्याची वाट माहीत झाली होती. एक दिवस यमुताई दारात येऊन पाण्यावरून चढ्या आवाजात बोलली आणि बायजाबाईंनी तिला दोन शब्द जास्तच परत केले, तेव्हा आत उभ्या सुभद्राने डोळे पुसले.

शोभाचं लग्न होळीच्या आधी झालं. सकाळी पंचशील, मंगल परिणय, पांढरी साडी नेसलेली शोभा. आणि मंडपामागे तीन चुली, तीन पालथे माठ, वांग्याच्या रस्स्याचा वास. सुभद्राने चुलींखाली आधी मंद आच लावून ठेवली होती. बायजाबाई पदर खोचून बसल्या. वस्तीतल्या बाया गोळा झाल्या, खाप्याच्या पाहुण्या बायाही बघायला आल्या. नवरदेवाची आत्या, इंदूबाई, सगळ्यात पुढे होती.

बायजाबाईंनी पहिली परात घेतली. बारीक बारीक, सावकाश आपटायला लागल्या. मग जोर वाढवला. आणि अर्ध्यावर आल्यावर, ठरल्याप्रमाणे, हात थांबवला, गोळी जिभेखाली ठेवली आणि मागच्या भिंतीला टेकून डोळे मिटले.

इंदूबाईने आजूबाजूला पाहिलं. "विहीणबाई दमल्या वाटते बाप्पा! मोठा दणका ऐकला होता त्याईचा खाप्यापर्यंत." बाया हसल्या. "आता बसतीन आरामात, अन् सून आपटीन सारं. बऱ्या असतात अशा सासवा."

वाईट बोलली नव्हती ती. थट्टाच होती. पण बायजाबाईंनी डोळे उघडले आणि सुनेकडे पाहिलं, आणि सुभद्राला कळलं की पोरीच्या लग्नात, व्याह्यांच्या बायकांसमोर, या बाईला कशाची भीती वाटते आहे. रोट्या होतात की नाही याची नव्हे.

"दमल्या नाही त्या," सुभद्रा म्हणाली. आवाज तिचा सगळ्यांना ऐकू जाईल असाच होता, जसा एकदा ओट्यावर ऐकू जाईल असा काढला होता. "त्याईच्या छातीत दुखते. पयल्या वेळी दुखते, मंग थांबून केलं का नाही दुखत. असा आजार राहते. कोणी नाटक म्हणीन तं त्यानं मले विचारावं. म्या पाह्यलं आहे."

इंदूबाई ओशाळून म्हणाली, "मी तं असंच म्हणलं वं बाई," आणि पदर सावरून पाणी आणायला उठली. बायजाबाईंनी पुन्हा डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी कणकेच्या हाताने पुसलं, त्यामुळे गालावर पांढरा पट्टा उठला. थोड्या वेळाने त्या उठून सरळ बसल्या, उरलेली अर्धी परात पुरी केली, मग दुसरी ओढली. दणका मंडपात ऐकू जाऊ लागला. आतून शोभाने तो ऐकला आणि शेजारच्या मैत्रिणीला म्हणाली, "माय आहे."

पाहुणे जेवून गेले. चुली विझत आल्या होत्या. बायजाबाईंनी उरल्या कणकेची एक रोटी केली, तिची घडी घातली आणि सुभद्राच्या हातावर ठेवली. मग रिकामी परात राखेनं घासून, धुवून, पुसून, तिच्यापुढे सरकवली.

"उद्यापासून पयली परात तुयी," त्या म्हणाल्या. "माया पोरीचं लग्न झालं. आता घर तू घे."

सुभद्राने परातीकडे पाहिलं. एके काळी तिला ती हवी होती, कुणाजवळ बोलली नसली तरी. तिने हातातली रोटी बाजूला ठेवली आणि परात उचलून पुन्हा सासूच्या मांडीवर ठेवली.

"नाही. तुम्ही आपटायचं सोडलं का दुखणं वापस येते, डॉक्टरीणबाईनं सांगितलं नं? पयली परात तुमचीच. मी बाजूले बसीन."

"मंग घर कधी घेशील वं?"

"राहू द्या नं, आत्याबाई," सुभद्रा म्हणाली. "मले काही घाई नाही."